घटक रेणू मिळाले, साखळीचे काय?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पानावर बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीविषयीचा लेख वाचला. ऑसिरिस-रेक्स यानाने सप्टेंबर 2023 मध्ये पृथ्वीवर उतरवलेल्या सुमारे 121 ग्रॅम नमुन्यात प्रथिनांच्या 20 अमिनो आम्लांपैकी 14 आणि डीएनए व आरएनए यांच्यातले पाचही नायट्रोजनयुक्त बेस सापडल्याचे जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाले. ही माहिती लेखात अचूक आणि सुबोध रीतीने आली आहे, त्याबद्दल लेखकाचे आभार मानले पाहिजेत. माझे म्हणणे आहे ते लेखाच्या शेवटाबद्दल. हे रेणू अवकाशातच तयार होतात हे कळल्यामुळे जीवसृष्टीच्या उगमाचे कोडे जवळजवळ सुटले, असा तिथे निष्कर्ष काढलेला आहे. गेल्या काही वर्षांत मी वाचलेल्या बहुतेक मराठी लेखांचा सूर असाच असतो. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला तो स्वस्थ बसू देत नाही, कारण या कोड्याचा जो भाग खरोखर अवघड आहे, त्याला असे लेख हातच लावत नाहीत.

जीवनाला लागणारे लहान रेणू निर्जीव द्रव्यापासून बनू शकतात, ही गोष्ट नवी नाही. फ्रीडरिश व्होलर यांनी 1828 मध्ये प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेव्हाच सेंद्रिय पदार्थांसाठी एखादी खास जीवनशक्ती लागते या समजुतीला तडा गेला होता. पुढे 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात स्टॅन्ले मिलर या संशोधक विद्यार्थ्याने हॅरोल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली केलेला प्रयोग तर शालेय पुस्तकांतही असतो. तो नुसता उल्लेखून पुढे जाण्याची आपल्याला सवय झाली आहे, म्हणून त्याच्याकडे जरा जवळून पाहू. खालच्या चंबूत पाणी उकळत होते, वरच्या पाच लिटरच्या गोल चंबूत मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणात विद्युत ठिणग्या पडत होत्या, आणि वाफ थंड होऊन तयार झालेले द्रावण पुन्हा खालच्या चंबूत उतरत होते. पहिल्या दिवसानंतर पाण्याला गुलाबी छटा आली, आठवड्याच्या शेवटी ते गडद लाल आणि गढूळ झाले. त्या द्रावणाचा थेंब गाळणकागदावर पसरवून निनहायड्रिन हे अमिनो आम्ले ओळखणारे रसायन फवारल्यावर जांभळे ठिपके उमटले. त्यांतला ग्लायसीनचा ठिपका निःसंशय होता आणि अलॅनिनचेही ठिपके ओळखता आले. मिलर यांनी जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे आधुनिक उपकरणांनी तपासल्या, तेव्हा 2008 मध्ये त्यांत वीसहून अधिक अमिनो आम्ले आढळली.

त्यानंतर जुआन ओरो यांनी हायड्रोजन सायनाइडपासून वर उल्लेखलेल्या पाच बेसपैकी एक असलेले अ‍ॅडेनीन मिळवून दाखवले. हायड्रोजन सायनाइडचे पाच रेणू एकत्र आले की अ‍ॅडेनीनचा एक रेणू होतो. ज्या वायूला आपण विष म्हणून ओळखतो, त्यापासून वारशाच्या लिपीतले एक अक्षर तयार व्हावे, हे मला आजही विलक्षण वाटते. ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे 1969 मध्ये कोसळलेल्या अशनीत सत्तरहून अधिक प्रकारची अमिनो आम्ले सापडली, आणि त्यांतली बहुतेक सजीवांच्या प्रथिनांत आढळत नाहीत, म्हणजे ती पृथ्वीवरच्या जीवांमुळे मिसळलेली नव्हती. मिलर यांनी गृहीत धरलेले मिथेन-अमोनियाचे वातावरण आदिम पृथ्वीवर खरोखर होते का, यावर नंतर शंका घेतली गेली, आणि आज कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन यांचे वातावरण अधिक संभवनीय मानले जाते. तरीही घटक रेणूंच्या उपलब्धतेचा प्रश्न तत्त्वतः सुटला आहे असे म्हणायला हरकत नाही. बेन्नूच्या मातीने त्या उत्तराला बळकटी दिली. मात्र त्या उत्तराचा पाया सत्तर वर्षांपूर्वीच घातला गेला होता, हे वाचकाला सांगायला हवे होते.

खरी अडचण त्यापुढे आहे. सजीव पेशी केवळ सुट्या अमिनो आम्लांवर आणि सुट्या न्यूक्लिओटाइडवर (साखर, बेस आणि फॉस्फेट मिळून झालेल्या, आरएनए-डीएनएच्या घटकांवर) चालत नाही. पेशीचे काम चालते ते त्यांच्या लांब साखळ्यांवर, म्हणजे बहुवारिकांवर. दोन अमिनो आम्ले जोडली जातात तेव्हा त्यांच्यामधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आरएनएच्या दोन न्यूक्लिओटाइडमधला फॉस्फेटचा दुवा जुळतानाही पाणीच बाहेर पडते. आता ही अभिक्रिया पाण्यातच घडवायची म्हटले, तर सभोवती अब्जावधी पाण्याचे रेणू उलट दिशेने रेटा देत असतात. रासायनिक समतोल सुट्या रेणूंकडे झुकतो, आणि समुद्रात विरघळलेली अमिनो आम्ले नुसती एकमेकांवर आदळून प्रथिने बनतील ही अपेक्षा फोल ठरते. आदिम समुद्राला पौष्टिक सूप म्हणणारी वर्णने आपण सगळ्यांनी वाचली आहेत. त्या सुपात साखळी कशी वाढली, हे मात्र त्या वर्णनांत नसते.

याला दिलासा देणारी एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. साखळी बनणे पाण्यात कठीण असले, तरी एकदा बनलेली साखळी लगेच तुटेलच असे नाही. साध्या तापमानाच्या उदासीन पाण्यात पेप्टाइड बंध, म्हणजे दोन अमिनो आम्लांना जोडणारा दुवा, उत्प्रेरकाशिवाय काही शतके टिकू शकतो. म्हणजे एखाद्या ठिकाणी थोड्या काळासाठी का होईना, जोडणीला अनुकूल परिस्थिती आली, तर तिथे तयार झालेला माल नंतरच्या प्रतिकूल काळातही बराच शिल्लक राहतो. आरएनए मात्र या बाबतीत फार नाजूक आहे. रायबोज या साखरेच्या दुसऱ्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट असतो, आणि तो शेजारच्याच फॉस्फरसवर चाल करून साखळी तोडतो. अल्कधर्मी द्रावणात ठेवलेले आरएनए एका रात्रीत तुकडे होऊन पडते. डीएनएच्या साखरेत नेमका हाच हायड्रॉक्सिल गट नाही, आणि ते टिकाऊ असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पाणी हवे तर आहे, पण जोडणीच्या क्षणी नको आहे. या पेचातून सुटण्याचे जे मार्ग सुचवले गेले, त्यांत मला सर्वांत पटणारा मार्ग ओलावा आणि कोरडेपणा यांच्या फेऱ्यांचा आहे. उथळ डबके उन्हाने आटते, विरघळलेले पदार्थ दाट होत जातात, पाणी निघून गेल्यामुळे समतोल साखळीच्या बाजूला कलतो, आणि पुन्हा पाऊस आला की तयार झालेल्या साखळ्या मोकळ्या होऊन नव्या रेणूंत मिसळतात. सिडनी फॉक्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला कोरडी अमिनो आम्ले तापवून प्रथिनांसारखे पदार्थ बनवले होते. पण त्यासाठी दीडशे अंशांच्या वर तापमान लागत होते, आणि बंधही सगळे नेहमीच्या पेप्टाइड प्रकारचे नव्हते, म्हणून तो मार्ग मागे पडला.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथील निकोलस हड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेले काम या दृष्टीने मला फार मोलाचे वाटते, आणि मराठीत त्याविषयी काहीच लिहिले गेलेले मी पाहिलेले नाही. त्यांनी अमिनो आम्लांबरोबर हायड्रॉक्सी आम्ले घेतली. लॅक्टिक आम्ल हे त्यांचे परिचित उदाहरण. हायड्रॉक्सी आम्ले एकमेकांशी जोडली जाऊन एस्टर बंध तयार होतो, आणि हा बंध शंभर अंशांच्या बऱ्याच खाली, नुसते द्रावण वाळवल्यानेही जुळतो. एकदा एस्टर तयार झाला की अमिनो आम्लाचा अमिनो गट त्यावर येऊन बसतो, हायड्रॉक्सी आम्लाला बाजूला सारतो, आणि त्या जागी पेप्टाइडमध्ये असतो तसाच अमाइड बंध तयार होतो. पुढच्या ओल्या टप्प्यात एस्टर बंध तुटतात, पण अमाइड बंध टिकतात. त्यामुळे प्रत्येक फेरीगणिक साखळीत अमिनो आम्लांचे प्रमाण वाढत जाते. अवघड जोडणी सोप्या जोडणीच्या आधाराने साधण्याची ही रीत आहे. हायड्रॉक्सी आम्ले त्यासाठी कुठून आली, असा प्रश्न इथे पडत नाही. मिलर यांच्या चंबूत ती अमिनो आम्लांच्या बरोबरीने तयार झाली होती आणि मर्चिसनच्या अशनीतही ती आहेत. एस्टर आणि अमाइड यांच्या अशा मिश्र साखळ्यांना डेप्सिपेप्टाइड म्हणतात. आजच्या प्रथिनांच्या आधी असे मिश्र बहुवारिक असू शकेल, ही कल्पना त्यामुळे नुसता तर्क राहिलेली नाही.

इथेच बेन्नूच्या मातीकडे पुन्हा पाहायला हवे, कारण आपल्या लेखातून सुटलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते तिथे आहे. त्याच नमुन्यात सोडियम कार्बोनेट, मीठ आणि फॉस्फेटयुक्त क्षार सापडले. खारे पाणी हळूहळू आटत गेले की मागे उरणाऱ्या क्षारांची ही ओळख पटण्याजोगी मालिका आहे. बेन्नू ज्या मोठ्या मूळ पिंडाचा तुकडा आहे, त्याच्या पोटात कधीकाळी खारे पाणी होते आणि ते दाट होत गेले, असा त्याचा अर्थ. अमिनो आम्लांची यादी वाचून रसायनशास्त्रज्ञाला आनंद होतो, पण हे क्षार पाहून तो खुर्चीत पुढे सरकून बसतो, कारण साखळी जुळण्यासाठी लागणारी परिस्थिती त्यांतून दिसते. आटत जाणारे, कार्बोनेटने समृद्ध पाणी फॉस्फेटच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. एरवी फॉस्फेट कॅल्शियमशी बांधले जाऊन तळाशी बसते आणि अभिक्रियांना मिळत नाही. कार्बोनेट कॅल्शियमला आधीच खाली ओढून नेते आणि फॉस्फेट पाण्यात मोकळे राहते.

कोरडे करण्याखेरीज दुसरा मार्ग आहे तो पृष्ठभागाचा. जेम्स फेरिस यांनी 1990 च्या दशकात मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजावर न्यूक्लिओटाइड जोडून दाखवले, आणि दररोज ताजे न्यूक्लिओटाइड घालत गेल्यावर साखळीची लांबी पन्नासच्या आसपास पोहोचली. हा प्रयोग उल्लेखनीय आहे. तरी त्यात वापरलेले न्यूक्लिओटाइड आधीच इमिडाझोलने सक्रिय करून घेतलेले होते, म्हणजे जोडणीसाठी लागणारी ऊर्जा संशोधकाने बाहेरून भरलेली होती, हे विसरता कामा नये. आदिम पृथ्वीवर ती ऊर्जा कोणी भरली, हा वेगळा आणि अजून पुरता न सुटलेला प्रश्न आहे. गोठत्या पाण्यात बर्फाच्या स्फटिकांच्या मधल्या फटींत द्रावण दाट होते, हाही एक मार्ग अभ्यासला जातो.

समुद्रतळावरच्या उष्णोदकाच्या विवरांचा पुरस्कार करणारे संशोधक या सगळ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात, आणि त्यांच्या बाजूलाही वजन आहे. मायकेल रसेल यांनी अल्कधर्मी विवरांची कल्पना मांडली तेव्हा तशी विवरे कोणी पाहिलेली नव्हती. अटलांटिक महासागरात लॉस्ट सिटी हे क्षेत्र 2000 मध्ये सापडले आणि त्या भाकिताला पुष्टी मिळाली. विवरातले अल्कधर्मी पाणी आणि बाहेरचा आम्लधर्मी आदिम समुद्र यांच्यामध्ये खनिजांच्या पातळ भिंती असल्या, तर तिथे आजच्या पेशीपटलावर असतो तसा प्रोटॉनचा उतार, म्हणजे दोन बाजूंच्या प्रोटॉनच्या प्रमाणातला ऊर्जा देणारा फरक, आपोआप मिळतो. ऊर्जेच्या दृष्टीने ही कल्पना सुंदर आहे. परंतु लांब साखळ्यांच्या दृष्टीने विचार केला तर सगळीकडे पाणीच पाणी असलेल्या जागी जोडणी टिकवायची कशी, याचे समाधानकारक उत्तर मला त्या मांडणीत अद्याप दिसलेले नाही. डबकेवादी आणि विवरवादी यांच्यातला हा वाद संपलेला नाही, आणि आपल्या पानावर मात्र ज्या दिवशी ज्या गटाची बातमी येते, त्या दिवशी तोच जिंकलेला दिसतो.

साखळी कशी जुळली याच्याइतकाच मोठा प्रश्न म्हणजे कोणती साखळी आधी आली. आजच्या पेशीत प्रथिने बनवायला न्यूक्लिइक आम्लांतली माहिती लागते, आणि न्यूक्लिइक आम्लांची नक्कल करायला प्रथिने लागतात. कार्ल वूस, फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस या चक्रातून बाहेर पडण्याची वाट सुचवली होती. आरएनए स्वतःच दोन्ही कामे करत असेल तर? त्या वेळी याला पुरावा नव्हता. तो मिळाला 1982 मध्ये, थॉमस चेक यांच्या प्रयोगशाळेत. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या आरएनएमधला एक नकोसा तुकडा कापून टाकणारे प्रथिन ते शोधत होते. प्रथिने नष्ट करण्याचे सगळे उपाय केले तरी तुकडा कापला जातच राहिला. शेवटी त्यांनी टेट्राहायमेनाच्या पेशीशी कधीच संबंध न आलेले आरएनए कृत्रिमरीत्या तयार करून पाहिले. तेही स्वतःला कापून पुन्हा जोडत होते. उत्प्रेरक खुद्द आरएनएच होते. सिडनी ऑल्टमन यांनी दुसऱ्या एका आरएनएविषयी तसेच दाखवले, आणि दोघांना 1989 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वॉल्टर गिल्बर्ट यांनी 1986 मध्ये या कल्पनेला आरएनए विश्व हे नाव दिले.

याहून भक्कम पुरावा प्रत्येक सजीवाच्या पेशीत आहे. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमची अणूंच्या पातळीवरची रचना 2000 च्या सुमारास उलगडली. त्या कामासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अ‍ॅडा योनाथ यांना 2009 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रायबोसोममध्ये पेप्टाइड बंध जिथे जुळतो, त्या जागेच्या अगदी आसपास प्रथिन नाहीच, तिथे केवळ आरएनए आहे. जिवाणूपासून माणसापर्यंत सर्वांची प्रथिने आजही आरएनए घडवते. चार अब्ज वर्षांच्या आसपासचा एक अवशेष आपल्या प्रत्येक पेशीत चालू स्थितीत आहे, हे विज्ञान पानांवर कितीदा सांगितले गेले?

तरीही आरएनए ही पहिलीच साखळी होती असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. त्याच्या घटकांपैकी रायबोज ही साखर अतिशय अस्थिर आहे. खुद्द मिलर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवले की उदासीन द्रावणात 100 अंश सेल्सिअसला तिचे अर्धे प्रमाण 73 मिनिटांत नष्ट होते, आणि शून्य अंशालाही त्याला 44 वर्षे लागतात. भूवैज्ञानिक काळाच्या हिशेबात 44 वर्षे म्हणजे काहीच नाही. शिवाय फॉर्माल्डिहाइडपासून साखरा बनवणाऱ्या, बुटलेरोव यांनी 1861 मध्ये शोधलेल्या अभिक्रियेत रायबोज हा अनेक साखरांच्या गर्दीतला एक किरकोळ घटक असतो. जॉन सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये यावर जो तोडगा काढला, तो या क्षेत्रातला एक अत्यंत कल्पक प्रयोग आहे. साखर वेगळी आणि बेस वेगळा तयार करून मग ते जोडायचे, ही सगळ्यांच्या डोक्यात बसलेली पायरीच त्यांनी वगळली. सायनामाइड, ग्लायकोलॅल्डिहाइड यांसारख्या साध्या रेणूंपासून त्यांनी असा एक मधला रेणू घडवला की ज्यात साखरेचा आणि बेसचा काही काही भाग आधीपासूनच एकत्र होता. फॉस्फेट सुरुवातीपासून मिश्रणात ठेवले होते, आणि त्यामुळेच अभिक्रिया योग्य वळणावर राहिली. अर्थात एकेक पदार्थ कोणत्या क्रमाने आणि केव्हा घालायचा, हे तिथे माणूस ठरवत होता.

म्हणून काही संशोधकांनी आरएनएच्याही आधीच्या साखळीचा शोध घेतला. अल्बर्ट एशेनमोझर यांच्या गटाने 2000 मध्ये टीएनए हे बहुवारिक तयार केले. त्यात पाच कार्बनच्या रायबोजऐवजी चार कार्बनची थ्रिओज साखर आहे, आणि तरीही ते आरएनए व डीएनए यांच्याशी नीट जोडी जमवते. त्याआधी 1991 मध्ये पीटर नील्सन आणि सहकाऱ्यांनी पीएनए बनवले होते. त्यात साखरही नाही आणि फॉस्फेटही नाही, पेप्टाइडसारख्या कण्यावर थेट बेस लावलेले असतात. या कण्याचा एक घटक मिलर यांच्या पद्धतीच्या ठिणग्यांच्या प्रयोगातही तयार होतो, असे 2000 मध्ये दिसून आले. अशी कोणती तरी सोपी साखळी आधी होती आणि आरएनएने नंतर तिची जागा घेतली, हे अशक्य नाही. मात्र त्या साखळीचा कोणताही अवशेष सजीवांत सापडलेला नाही, ही बाब मला खटकते. माझा कल त्यामुळे तिसऱ्या शक्यतेकडे आहे. आरएनए आणि लहान पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) यांचा इतिहास पहिल्यापासूनच एकत्र घडला असावा. थॉमस कॅरेल यांच्या म्युनिकमधील गटाने 2022 मध्ये असे दाखवले की काही बदललेले बेस असलेल्या आरएनएच्या साखळ्यांवर अमिनो आम्ले बसतात आणि तिथेच त्यांचे लहान पेप्टाइड वाढत जाते. रायबोसोम आज करतो त्या कामाची ही अगदी ओबडधोबड सुरुवात असू शकते.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एक आक्षेप अधूनमधून येतो, त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. एवढी लांब आणि नेमकी साखळी निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता शून्यवत आहे, म्हणून हे सगळे संशोधन व्यर्थ आहे, असा तो आक्षेप असतो. गणित मांडून पाहू. चाळीस अक्षरांच्या आरएनएच्या एकूण शक्य रचना एकावर चोवीस शून्यांहून थोड्या अधिक आहेत. त्यांपैकी प्रत्येकीचा एकेक रेणू घेतला तर सगळ्यांचे मिळून वजन सुमारे 26 किलो भरते. म्हणजे एका डबक्यात मावेल एवढ्या द्रव्यात चाळीस अक्षरांची प्रत्येक रचना हजर असू शकते. शंभर अक्षरांचा हिशेब केला तर मात्र सगळ्या रचनांचे वजन पृथ्वीच्या वजनाच्या कोट्यवधी पट होते, आणि तिथे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे बरोबर ठरते. पण शंभर अक्षरांची एकच विशिष्ट रचना एका फटक्यात मिळाली पाहिजे, असे कोणी म्हणतच नाही. डेव्हिड बार्टल आणि जॅक शोस्टाक यांनी 1993 मध्ये एकावर पंधरा शून्ये इतक्या यादृच्छिक आरएनए रेणूंचा साठा घेतला, आणि त्यातून दुसऱ्या आरएनएशी स्वतःला जोडून घेणारे अनेक वेगवेगळे रेणू निवडून काढले. एका कामाला एकच किल्ली लागते हे गृहीतकच त्यामुळे चुकीचे ठरते. एकदा कशीबशी का होईना नक्कल होऊ लागली की निवड सुरू होते, आणि त्यानंतर शून्यावर शून्ये चढवणारे गणित लागू पडत नाही.

नकलेच्या बाबतीत मात्र आपण अजून पैलतीरापासून दूर आहोत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. सॉल स्पीगलमन यांनी 1967 मध्ये विषाणूच्या आरएनएची परीक्षानळीत पुन्हा पुन्हा नक्कल करवली, आणि 74 वेळा नळी बदलल्यानंतर त्या आरएनएने आपला 83 टक्के भाग गाळून टाकला होता. जो लवकर नकलला जातो तो टिकतो, हा उत्क्रांतीचा नियम नुसत्या रेणूंनाही लागू पडतो, हे त्यातून दिसले. परंतु नक्कल करणारे एन्झाइम, म्हणजे उत्प्रेरक प्रथिन, तिथे जिवाणूपासून घेतलेले होते. एन्झाइमशिवाय, आरएनएनेच आरएनएची नक्कल करावी यासाठीचे प्रयत्न फिलिप होलिगर यांच्या गटाने 2011 मध्ये 95 अक्षरांपर्यंत आणि 2013 मध्ये बर्फाच्या साहाय्याने दोनशेहून अधिक अक्षरांपर्यंत नेले. तरी असा रेणू स्वतःची संपूर्ण प्रत सहजपणे काढून देत नाही, आणि दोन धाग्यांची जोडी जमल्यावर ते धागे पुन्हा वेगळे करणे ही एक मोठी डोकेदुखी आहे.

डाव्या-उजव्या रेणूंचा प्रश्नही आपल्या लेखात पूर्ण वगळला गेला. अमिनो आम्ले आणि साखरा बिंब आणि प्रतिबिंब अशा दोन रूपांत असतात. सजीवांत अमिनो आम्ले डावी आणि साखरा उजव्या असतात. गेराल्ड जॉइस आणि लेस्ली ऑर्गेल यांनी 1984 मध्ये दाखवले की वाढत्या आरएनए साखळीच्या टोकाला चुकीच्या हाताचा न्यूक्लिओटाइड जोडला गेला की साखळी तिथेच खुंटते. म्हणजे निम्मे-निम्मे मिश्रण हे लांब साखळीचे शत्रूच. मर्चिसनच्या अशनीतल्या काही अमिनो आम्लांत डाव्या रूपाचे आधिक्य सापडले, तेव्हा सजीवांचा डावेपणा अवकाशातून आला असावा अशी आशा अनेकांना वाटली होती. बेन्नूच्या मातीत मात्र दोन्ही रूपे जवळजवळ सारख्या प्रमाणात आढळली. त्या आशेला धक्का देणारा हा निष्कर्ष आपल्या लेखाचा मथळा व्हायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे.

माझी विनंती एवढीच आहे की यापुढे या विषयावरचे लेख छापताना लेखकाकडून काही गोष्टी आग्रहाने विचारून घ्याव्यात. तयार झालेली साखळी किती लांब होती, प्रयोगाला सुरुवातीला शुद्ध आणि आधीच सक्रिय केलेले पदार्थ घेतले होते का, पाणी कसे दूर केले, एका टप्प्यातला पदार्थ पुढच्या टप्प्यात जाण्याआधी संशोधकाने तो शुद्ध करून घेतला का, आणि विरुद्ध मताच्या गटाचे त्यावर काय म्हणणे आहे. यातले प्रत्येक उत्तर मूळ शोधनिबंधात असते किंवा दोन-तीन जाणकारांना विचारले तर मिळते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना आपले पान वाचनीय तर वाटतेच, ते त्यावर विश्वासही ठेवतात. त्यांच्यापैकी एखादी मुलगी उद्या या साखळीचा न सुटलेला दुवा शोधू शकेल, पण तो दुवा अजून सापडलेला नाही हे तिला आधी कळायला हवे. डेप्सिपेप्टाइड, रायबोसोमचा आरएनए गाभा आणि बेन्नूवरचे क्षार या तीन विषयांवर आपण स्वतंत्र लेख छापणार असाल, तर संदर्भ तपासून देण्याचे काम मी आनंदाने आणि विनामोबदला करीन.

कळावे,
आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका